उपकारस्तुति : दुष्काळी मुलखांतील एका संवयीचा इतिहास



बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत कडा नांवाचें बाजाराचें गांव आहे. नगरहून आष्टी-जामखेडकडे जाणाऱ्या वाटेवर तें लागतें. २०२२ सालच्या सप्टेंबर महिन्यांत नगर-आष्टी आगगाडी सुरू झाली, तेव्हांपासून कड्याला स्थानकही मिळालें आहे. त्या स्थानकाच्या बांकावर एका संध्याकाळीं मी गाडीची वाट पाहत बसलों होतों. शेजारीं एक वृद्ध बाई बसली होती. तिनें फडक्यांतून भाकरी सोडली, मिरचीचा ठेचा काढला, आणि घास मोडण्यापूर्वीं डोळे मिटून ती क्षणभर ओठांतल्या ओठांत कांहीं पुटपुटली. शेवटचा 'आमेन' मला ऐकूं आला. बोलणें निघालें तेव्हां मीं विचारलें, "मावशी, यंदां पीकपाणी कसें आहे?" ती म्हणाली, "पीक कुठलं, बाबा! सगळं जळून गेलं." मला राहवलें नाहीं. "मग आतां आभार कशाचे मानलेत?" असें मी विचारून बसलों. तिनें हातांतली भाकरी किंचित् वर केली. "ही हाय की," एवढेंच ती म्हणाली. आणि भाकरीचा अर्धा तुकडा मोडून तिनें माझ्यापुढें धरला. तो मीं घेतला कीं नाहीं, तें शेवटीं सांगेन.

रोजच्या रोज, घांसाघांसाला देवाचे उपकार आठवण्याची ही ख्रिस्ती संवय ह्या कोरड्या मुलखांत कशी रुजली, तिनें कोणतीं संकटें पाहिलीं, आणि तिचा खरा अर्थ कोणीं उलगडून दाखविला, ह्याचा थोडा इतिहास आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. मराठी ख्रिस्ती मंडळींत ह्या गोष्टीला 'उपकारस्तुति' म्हणतात. 'आभार' हा शब्द आपण सभेच्या शेवटीं हारतुऱ्यांबरोबर वापरतों; 'उपकार' हा त्याहून जड शब्द आहे. उपकार आठवावयाचे असतात, फेडावयाचे असतात, आणि फेडतां आले नाहींत तर त्यांची उतराई दुसऱ्या कोणाच्या तरी ठिकाणीं व्हावयाचें असतें. पण ह्याच शब्दाच्या पोटांत एक विषही आहे. ज्याच्यावर उपकार झाले तो 'मिंधा' होतो. मिंधा मनुष्य मान वर करून बोलत नाहीं. तेव्हां कृतज्ञ असावें, परंतु मिंधें नसावें, हें साधावें कसें? मराठी ख्रिस्ती लोकांच्या इतिहासांत हाच प्रश्न पुनःपुन्हां उभा राहिला आहे, आणि त्या इतिहासाची थोरवी ह्याच प्रश्नाच्या उत्तरांत आहे असें मला वाटतें.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले आणि १८३१ सालीं त्यांनीं नगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, ठाणें दिलें. १८४२ सालीं तेथेंच 'ज्ञानोदय' हें पत्र निघालें. पुढें वडाळा, राहुरी अशा गांवांतून मंडळ्या उभ्या राहिल्या. कडा ह्या ठाण्यापासून बैलगाडीच्या एका मुक्कामावर. पण मध्यें राज्याची सीमा होती. नगर जिल्हा इंग्रजांचा, आणि कड्याचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत. त्याच संस्थानांत जालन्याजवळ नारायण शेषाद्रि ह्या मराठी पाद्र्यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बेथेल नांवाची ख्रिस्ती वसाहत वसविली. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे राजे निराळे होते, शिक्के निराळे होते. पण आकाश एकच होतें, आणि दुष्काळानें ती सीमा कधीं मानली नाहीं.

ह्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या देशांत आभार मानण्याचा एक मोठा सण आहे. त्याची कथा १६२१ सालापर्यंत मागें जाते. प्लिमथ येथें वसाहत करावयास आलेल्यांपैकीं जवळजवळ अर्धे लोक पहिल्याच हिवाळ्यांत मेले होते. उरलेल्यांनीं पहिलें पीक हातीं येतांच मेजवानी केली. पुढें १८६३ सालीं, यादवी युद्ध ऐन भरांत असतां, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनीं नोव्हेंबरांतील शेवटचा गुरुवार आभाराचा दिवस म्हणून पाळावा असें जाहीर केलें. म्हणजे त्या देशांतही हा सण निव्वळ सुबत्तेचा नव्हता. त्याच्या मुळाशीं थडगीं होतीं. परंतु ज्या मराठी लोकांना मिशनरी उपकारस्तुति शिकवूं लागले, त्यांची स्थिति निराळीच होती. त्यांच्यापैकीं बहुतेकांच्या नांवावर जमिनीचा तुकडाही नव्हता.

नगरच्या आसपास ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतले होते. त्यांच्या जुन्या गांवगाड्यांत 'उपकार' ह्या शब्दाला कोणता वास होता तें ध्यानांत घेतलें पाहिजे. येसकराची पाळी ज्या घराकडे असे, त्या घरच्या माणसानें दिवसभर गांवाचीं कामें करावयाचीं, वेशीची राखण करावयाची, आणि संध्याकाळीं टोपली घेऊन दारोदार भाकरी मागावयाची. वास्तविक ती भाकरी म्हणजे त्याच्या श्रमांचा मोबदला, त्याचें बलुतें. पण ती हक्कानें मिळत नसे. 'जोहार, मायबाप' असें म्हणून, उंबऱ्यापासून दूर उभें राहून, वरून टाकलेली झेलावी लागे. स्वतःच्याच घामाची भाकरी दुसऱ्याचा उपकार म्हणून खावयाची, ही ती रीत. अशा माणसाला 'कृतज्ञ हो' हा उपदेश नवीन नव्हता. पिढ्यान् पिढ्या त्याला तोच उपदेश करण्यांत आला होता.

मग ख्रिस्ती उपकारस्तुतीनें नवें काय सांगितलें? तिनें उपकाराची दिशा बदलली. भाकरीपुढें बसून मनुष्य जेव्हां डोळे मिटतो आणि 'ही देवानें दिली' असें म्हणतो, तेव्हां तो नकळत आणखी एक गोष्ट म्हणत असतो : ही पाटलानें दिलेली नाहीं. पाऊस पाटलाचा नाहीं, जोंधळ्याच्या कणसांत दाणा भरणारी शक्ति सावकाराची नाहीं. देणारा जर देव, तर घेणारे सगळे सारखे. ज्याला पूर्वीं दहा दारीं वांकावें लागत होतें, तो आतां एकाच ठिकाणीं वांकूं लागला. आणि एका ठिकाणीं वांकणाऱ्याला इतरत्र ताठ उभें राहतां येतें. भाकरतुकडा मागून खाणें सोडा, स्वाभिमानानें जगा, असें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाड येथें आपल्या समाजाला बजावून सांगितलें. त्यांचा मार्ग ख्रिस्ती नव्हता. पण मिंधेपणाच्या भाकरीचें विष त्यांनीं ओळखलें होतें, आणि कोणतीही खरी कृतज्ञता त्या विषाच्या उताऱ्यावांचून उभी राहूं शकत नाहीं.

परंतु मिशनच्या छायेंतही तें विष नव्हतें असें नाहीं. १८७६-७७ चा दुष्काळ, १८९६-९७ चा दुष्काळ, आणि लोक ज्याला छप्पन्नाचा दुष्काळ म्हणतात तो १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ, ह्या तिन्ही प्रसंगीं मिशनऱ्यांनीं अन्न दिलें, कामें काढलीं, पोरकीं मुलें सांभाळलीं. नगरच्या रॉबर्ट ह्यूम ह्यांना दुष्काळांतील कार्याबद्दल सरकारनें कैसर-इ-हिंद पदक दिलें. हें उपकार खरेच होते. पण त्याबरोबर एक टोमणाही जन्माला आला : हे लोक भाकरीसाठीं बाटले. आणि दुसरीकडे, ज्यांनीं वांचविलें त्यांच्यापुढें कायमचें हात जोडून उभें राहण्याची वृत्तिही कांहीं ठिकाणीं मुरली. देवाचे उपकार आणि मिशनचे उपकार ह्यांची गल्लत होऊं लागली.

ही गल्लत ज्यांनीं निर्भयपणें सोडविली त्यांत पंडिता रमाबाईंचें नांव पहिलें घेतलें पाहिजे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. तरुणपणींच दक्षिणेंतल्या दुष्काळांत त्यांनीं आईबाप आणि बहीण गमावली. भूक म्हणजे काय हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनींनीं त्यांना आसरा दिला, माया दिली, शिक्षण दिलें. आणि रमाबाईंनीं तें शेवटपर्यंत मानलें. पण त्या भगिनी जेव्हां त्यांच्या श्रद्धेवर आपली हुकमत चालवूं लागल्या, तेव्हां रमाबाईंनीं पत्रापत्रांतून ठामपणें उत्तर दिलें कीं आपली सदसद्विवेकबुद्धि आपण कोणाच्याही स्वाधीन केलेली नाहीं. उपकार मानावेत, पण विवेक गहाण ठेवूं नये, हा धडा एका निराधार तरुण विधवेनें परमुलखांत घालून दिला.

आणि त्या उपकारांची उतराई त्यांनीं कशी केली? १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन काढून. आणि १८९७ चा दुष्काळ येतांच मध्यप्रांतांत जाऊन, उपाशी मरणाऱ्या शेंकडों मुलींना आणून. केडगांवच्या मुक्ति-सदनांत पुढें हजारावर स्त्रिया आणि मुली राहिल्या. जी एकेकाळीं रस्त्यावर भुकेली फिरली, तिनें भुकेलेल्यांना घर दिलें. कृतज्ञता ही मागें वळून पाहते, पण चालते पुढें. ज्याच्याकडून मिळालें त्यालाच परत करण्याची तिला गरज वाटत नाहीं, ज्याला मिळालेलें नाहीं त्याच्याकडे ती जाते. आयुष्याच्या शेवटच्या दिवसांपर्यंत रमाबाई मूळ भाषांवरून बायबलाचें सोपें मराठी भाषांतर करीत होत्या. तें काम पुरें करून १९२२ च्या एप्रिलांत त्यांनीं देह ठेवला.

दुसरें नांव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पुढें नगर हीच त्यांची कर्मभूमि झाली. त्यांच्या आधीं कृष्णराव सांगळे आणि इतर मराठी भक्तांनीं ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. तरी मिशनच्या उपासनेंतलीं पुष्कळशीं गीतें इंग्रजी चालींचीं, आणि शेतकऱ्याच्या जिभेला अवघड. मनुष्य परक्या शब्दांनीं आभार मानूं लागला कीं ते आभार कवाइतीसारखे होतात. टिळकांनीं अभंगाची, भजनाची, ओवीची वाट मोकळी केली. मराठी माणसाला उपकार आठवण्याची भाषा संतांनीं पूर्वींच दिली होती. जेवणाआधीं श्लोक म्हणण्याची चालही घरोघर होती. टिळकांना तुकोबांची अभंगवाणी परकी कधींच वाटली नाहीं. ख्रिस्ताच्या पायांशीं जातांना ती त्यांनीं बरोबर नेली. त्यांचीं गीतें आजही 'उपासना संगीत' ह्या पुस्तकांतून मंडळीमंडळींत गाइलीं जातात.

आणि मिंधेपणाविषयीं? १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची पगारी चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ति पत्करली, आणि 'देवाचा दरबार' नांवाचा एक बंधुसंघ उभारण्याचा उद्योग आरंभिला. ह्या दरबारांत देशी-परदेशी, बाप्तिस्मा घेतलेला-न घेतलेला, असा कोणताही ख्रिस्तभक्त यावा, ही त्यांची आकांक्षा. मिशनऱ्यांवर त्यांचा राग नव्हता. त्यांचे उपकार ते जाणून होते. पण भारतीय ख्रिस्ती मनुष्यानें देवाखेरीज कोणाचा पोसणा म्हणून राहूं नये असें त्यांना तळमळून वाटत होतें. दोनच वर्षांनीं, १९१९ च्या मे महिन्यांत, ते वारले. दरबार पुरता भरला नाहीं; पण त्यांनीं दाखविलेली दिशा चुकीची नव्हती.

तिसरें नांव लक्ष्मीबाई टिळकांचें, आणि माझ्या मतें ह्या विषयांत सर्वांत खोल धडा त्यांचाच आहे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हां त्या कांहीं वर्षें दूर राहिल्या. पुढें त्याच्या घरीं आल्या, पण आपलें सोंवळें घेऊन आल्या : पाणी वेगळें, चूल वेगळी. परक्या हातचें पाणी त्यांना घशाखालीं उतरत नसे. तें सोंवळें एकदम सुटलें नाहीं. मनाशीं झगडत, विचार करीत, एक दिवस त्यांना उमगलें कीं हे भेद देवानें केलेले नाहींत. मग त्या कोणाच्याही हातचें खाऊं-पिऊं लागल्या, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें' ह्या त्यांच्या आत्मचरित्रांत हें सारें त्यांनीं हंसत-हंसवीत सांगितलें आहे.

आतां विचार करा : ज्याच्या हातचें घेतां येत नाहीं, त्याचे उपकार मानतां येतील काय? अस्पृश्यतेचें पाप आपण 'न देणें' ह्या बाजूनें मोजतों. पण तें 'न घेणें' ह्या बाजूनेंही मोजलें पाहिजे. ज्याचें पाणी नाकारलें, त्याला आपण सांगितलें कीं तुझ्याजवळ मला देण्यासारखें कांहीं नाहीं. दान करणारा उंच राहूं शकतो. स्वीकार करणाऱ्याला खालीं उतरावें लागतें. लक्ष्मीबाई उतरल्या. ख्रिस्ती मंडळींतही जातिभेद एका दिवसांत मेला नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण ज्या दिवशीं एकेकाळच्या कर्मठ ब्राह्मणीनें महार-मांगांच्या हातचा पेला तोंडाला लावला, त्या दिवशींची ती उपकारस्तुति मला मोठमोठ्या प्रार्थनांहून मोलाची वाटते.

ह्या सर्व इतिहासांतून घरोघर जी रीत उतरली ती साधीच आहे. सकाळीं कामाला लागण्यापूर्वीं दोन शब्द. प्रत्येक जेवणाआधीं क्षणभर डोळे मिटणें. रात्रीं निजण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून एखादें भजन, शास्त्रांतला एखादा उतारा, आणि दिवसभरांत ज्यांनीं आपल्यावर उपकार केले त्यांची आठवण. हंगाम आला कीं कापणीचा सण : कोणी पायलीभर जोंधळा आणतो, कोणी भोपळा, कोणी कोंबडी, तें देवापुढें ठेवावयाचें, मग त्याचा लिलाव करून पैसा मंडळीच्या कामीं लावावयाचा. ज्याच्या घरीं कांहींच पिकलें नाहीं त्यानेंही रिकामे हात जोडून यावें.

पण रिकाम्या हातांनीं उपकार मानावेत ही मागणी क्रूर नव्हे काय? आज बीड जिल्ह्यांतलीं हजारों कुटुंबें दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला घर सोडतात. त्यांना कोणीं सांगावें कीं आहे त्यांत समाधान माना, देवाचे आभार माना? माझें उत्तर असें : पोट भरलेल्या मनुष्यानें उपाशी मनुष्याला हा उपदेश करण्याचा अधिकार कधींच नाहीं. मजुरी बुडविणाऱ्याच्या तोंडीं कृतज्ञतेची गोष्ट हा तर निव्वळ ढोंगीपणा. उपकारस्तुति ही दुसऱ्याकडून मागण्याची वस्तु नव्हे. ती ज्याची त्यानें आपल्या मनानें करावयाची असते.

आणि तरीही ती दुःखांतूनच निघते, हें ख्रिस्ती धर्माच्या मुळाशीं आहे. ज्या रात्रीं येशूला धरून दिलें, त्याच रात्रीं त्यानें भाकर हातीं घेऊन आधीं उपकारस्तुति केली आणि मग ती मोडली. त्या भोजनाला जुन्या मंडळीनें जें ग्रीक नांव दिलें, युखारिस्तिया, त्याचा अर्थच उपकारस्तुति असा आहे. पौलानें आपल्या मंडळ्यांना उपकारस्तुतीचा उपदेश केला तो कांहीं वेळां तुरुंगांतून. आणि लूकच्या शुभवर्तमानांत दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. दहाही बरे झाले. परत येऊन पायां पडला तो एकच, आणि तो शोमरोनी होता, म्हणजे ज्याला यहुदी लोक आपल्यांत घेत नसत असा. उपकाराची जाण वेशीबाहेरच्या माणसाला आधीं होते, असें ही कथा सुचविते. आमच्या मुलखाच्या इतिहासानें त्या कथेला वेळोवेळीं साक्ष दिली आहे.

आतां कड्याच्या स्थानकाकडे परत जाऊं. त्या बाईनें अर्धी भाकरी पुढें केली तेव्हां मीं काय केलें? मीं म्हटलें, "नको मावशी, मी जेवून आलों आहें." मी जेवलेलों नव्हतों. गरिबाच्या तोंडचा घास कसा घ्यावा, असा माझ्या मनानें आपला बचाव केला. आणि तो अगदींच खोटा नव्हता. पण त्याच्याखालीं दुसरें कांहीं होतें. तिच्यापेक्षां लहान होऊन तिच्याकडून घेणें मला जड गेलें. तिनें कांहीं न बोलतां तो तुकडा पुन्हां फडक्यांत ठेवला. गाडी आली, ती एका डब्यांत चढली, मी दुसऱ्या.

कृतज्ञतेवर बोलावयाला मी आज येथें आलों आहें, आणि माझ्या जवळचा सर्वांत खरा दाखला हा माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे. आज रात्रीं ताटावर बसाल तेव्हां क्षणभर थांबा आणि ज्या हातांतून तें अन्न आलें ते हात आठवा : पेरणाऱ्याचे, खुडणाऱ्याचे, दळणाऱ्याचे, भाजणाऱ्याचे. ज्यांची देवावर श्रद्धा आहे त्यांनीं त्या हातांमागचा हातही आठवावा. आणि त्यांपैकीं कोणीं कधीं आपली अर्धी भाकरी तुमच्यापुढें धरली, तर माझ्यासारखें 'नको' म्हणूं नका. ती घ्या.